घर बांधून राहिली

मार्चमधला दुसरा मंगळवार, दुपारचे साडेबारा. रक्कम एक लाख रुपये. हजर : नगरपालिकेचे मुख्याधिकारी, पुण्याहून आलेले तपासणी अधिकारी आपटे, घरकुल कक्षाचे लिपिक वानखडे, लाभार्थी खातूनबी, त्यांचा मुलगा शेख युनूस आणि मी. मी त्या कक्षाची प्रमुख. हे एक लाख रुपये द्यायचे नव्हते. दिलेले परत घ्यायचे होते.

खातूनबींचं वय कागदावर एकाहत्तर. त्यांना खुर्ची दिली होती, पण त्या तिच्या अगदी टोकावर बसल्या होत्या, कोणी उठ म्हणालं तर लगेच उठता यावं अशा. टेबलावर वसुलीची नोटीस होती. त्यांना वाचता येत नव्हतं. युनूसला येत होतं, पण त्याने ती घरी वाचून दाखवली नव्हती. मॅडमनं बोलावलंय एवढंच सांगून आईला आणलं होतं. हे मला नंतर कळलं.

पालिका अकोला जिल्ह्यातल्या एका शहराची. नाव लिहीत नाही, कारण या प्रकरणात चूक झाली आणि तिच्यातला मोठा वाटा माझा आहे. मी अमरावतीची, घर राजापेठेत. सोमवारी सकाळच्या गाडीने यायचं, शनिवारी संध्याकाळी परत, असं सहा वर्षं केलं.

आधी योजना काय ते सांगते. ज्यांची स्वतःची जागा आहे पण पक्कं घर नाही, त्यांना घर बांधायला अडीच लाखांचं अनुदान मिळतं. ते एकदम हातात देत नाहीत. मंजुरी झाली की जोत्यासाठी चाळीस हजार. जोता दिसला की भिंतींसाठी साठ. भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत आल्या की स्लॅबसाठी एक लाख. घर पूर्ण झालं की शेवटचे पन्नास. प्रत्येक टप्प्याला आमचा माणूस जागेवर जाऊन मोबाइलवर फोटो काढतो. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. त्याला जिओटॅग म्हणतात. जिओटॅग नाही तर हप्ता नाही. कमी पडतील ते पैसे बँकेने कर्जाऊ द्यावेत म्हणून आम्ही शिफारसपत्रही देतो.

मुख्य अट एकच. कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नको.

खातूनबींकडे साडेचारशे फूट जागा होती. तिच्यावर मातीच्या भिंतींची, टिनांची एक खोली, तीत त्या, युनूस आणि त्याची बायको. युनूस अकोल्याला एका कारखान्यात कूलरच्या बॉड्या बनवतो. पत्रा कापायचा, वाकवायचा, रिव्हेट मारायची. जानेवारी ते मे काम, पुढे मिळेल ते. जागा आईच्या नावावर, म्हणून लाभार्थी आई. पहिल्या हप्त्यात त्यांनी जुनी खोली पाडली आणि जोता घातला. जोत्याच्या तपासणीला मी स्वतः गेले होते.

तिथे जबाब घेतला. जबाब म्हणजे छापील फॉर्मवरचे पाच-सहा प्रश्न. जागा कोणाची, काम कोण करतं, सध्या कुठे राहता. उत्तरं वानखडे लिहितात, लाभार्थी अंगठा देतो, मी सही करते. या बाबतीत माझा एक नियम होता. माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. लिपिकाने आपल्या भाषेत सुधारून लिहायचं नाही. आधीच्या नोकरीत मी एका बाईच्या जबाबात "माझी काही तक्रार नाही" असं वाक्य पाहिलं होतं. ती बाई ते कधी बोललीच नव्हती. लिपिकाला ते बरं वाटलं म्हणून त्याने लिहिलं होतं. तेव्हापासून हा नियम. वानखडे त्याला कंटाळले होते. पण पाळत होते.

वानखडेंनी विचारलं, सध्या कुठे राहता. खातूनबी जोत्यावर उभ्या होत्या. एका कोपऱ्यात पायाने रेघ ओढून युनूसला सांगत होत्या की ही माझी खोली आणि इथे माझ्या खाटेच्या उशाला कूलरची खिडकी सोड. प्रश्न ऐकून त्यांनी मान वळवली.

"इथंच. पोराच्या हातानं घर बांधून राहिली."

वानखडेंनी तेच लिहिलं. मी वाचलं आणि सही केली. मला त्यात काही खटकलं नाही. आम्ही वऱ्हाडातले लोक असंच बोलतो. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे, येऊन राहिलो म्हणजे येतो आहे. घर बांधून राहिली म्हणजे घर बांधते आहे.

साठ हजार मिळाले. भिंती लिंटेलपर्यंत आल्या. बँकेने ऐंशी हजारांचं कर्ज मंजूर करून अर्धं दिलं. लिंटेलचा जिओटॅग झाला. आता स्लॅबचा एक लाख यायचा होता.

त्याऐवजी जानेवारीत संगणकावर लाल शेरा आला. योजनेची कागदपत्रं पुण्याची एक बाहेरची संस्था तपासते, त्याला आम्ही थर्ड पार्टी म्हणतो. त्यांचा शेरा असा : "जोता तपासणीच्या वेळी लाभार्थीचे सदर जागेवर घर अस्तित्वात असून लाभार्थी तेथे वास्तव्यास असल्याचे जबाब व कर उताऱ्यावरून दिसते. अपात्र. दिलेली रक्कम वसूल करावी."

मी आधी कर उतारा काढला. त्यात मालमत्तेच्या रकान्यात नुसतं "घर" लिहिलं होतं. कच्चं की पक्कं, तो रकाना कोरा. आमच्याच कर विभागाने दहा-बारा वर्षांपूर्वी कोरा सोडलेला. चूक सापडली असं मला वाटलं. जबाब मी पुन्हा वाचला, दोनदा वाचला, आणि त्यात हरकतीसारखं काही दिसेना. शेऱ्यात जबाबाचं नाव सवयीने घातलं असेल अशी मी समजूत करून घेतली.

पुढचे तीन आठवडे मी त्या कोऱ्या रकान्याच्या मागे घालवले. जुनी मोजणी पुस्तकं काढली. शेजाऱ्यांचे जबाब घेतले. जुनी खोली मातीची आणि टिनांची होती असं कर विभागाकडून लेखी घेतलं. ते वर पाठवलं. उत्तर आलं, "जबाबाबाबत खुलासा नाही." मी परत तेच पाठवलं, या वेळी जुन्या खोलीच्या एका फोटोसह. परत तेच उत्तर. तिसऱ्यांदा उत्तराऐवजी सुनावणीच लागली, आणि सोबत वसुलीची नोटीस.

या सगळ्या काळात पुण्याच्या त्या कार्यालयाला फोन करून मी एवढंच विचारू शकले असते, की जबाबातल्या कोणत्या वाक्यावर तुमची हरकत आहे? मी फोन केला नाही. मला लेखी व्यवहाराची सवय आहे आणि त्या सवयीचा मला अभिमान होता.

तर मार्चमधला मंगळवार. आपटे पन्नाशीचे, शांत, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी फाइल उघडून चष्मा लावला. म्हणाले, "मॅडम, माझं वैयक्तिक काही नाही. कागद जे बोलतो ते मी लिहिलं. हे बघा." आणि त्यांनी वाचलं.

"प्रश्न, सध्या कुठे राहता? उत्तर, इथंच. पोराच्या हातानं घर बांधून, राहिली."

बांधून या शब्दानंतर ते जरासे थांबले. एक स्वल्पविराम पडेल एवढेच. मी ते वाक्य दीड-दोन महिने त्या स्वल्पविरामाशिवाय वाचत होते. त्या क्षणी मला ते पहिल्यांदा पुण्याच्या कानांनी ऐकू आलं. मुलाकडून घर बांधून घेतलं आणि त्यात राहिली. प्रश्न होता कुठे राहता, आणि उत्तर इतकं चपखल बसत होतं की दुसरा अर्थ काढायची कुणाला गरजच नव्हती.

वानखडे मोठ्याने हसले. त्यांनी हसायला नको होतं. मुख्याधिकारी कोल्हापूरचे. त्यांनाही ते वाक्य आपट्यांसारखंच कळलं होतं आणि हसण्यासारखं काय आहे हे समजत नव्हतं.

मी समजावून सांगितलं. आपट्यांनी ऐकून घेतलं. मग ते खातूनबींकडे वळले.

"आजी, हे तुम्हीच सांगितलं होतं का?"

"हाव. म्याच सांगतलं."

"काय सांगितलं होतं? परत एकदा सांगा."

"घर बांधून राहिली म्हणून सांगतलं. आता बी बांधूनच राहिली." त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुमी पैसे देऊन नाई राहिले, म्हणून सरून नाई राहिलं."

आपट्यांनी पेन खाली ठेवलं. ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात जुळवून पाहिलं असावं, कारण त्यांच्या ओठांची हालचाल झाली. पैसे देऊन, नाही राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर अर्थ उमटला. पुणेरी माणूस चूक कबूल करत नाही असं आमच्याकडे म्हणतात. आपट्यांनी लगेच केली.

"मला पटलं," ते म्हणाले. "पण माझ्या पटण्याने शेरा निघत नाही. तो सिस्टिममध्ये आहे. कागदाने लागलाय, कागदानेच निघेल."

मी म्हटलं, जागा बघायला चला. ते आले. लिंटेलपर्यंतच्या विटांच्या भिंती, वर आभाळ. एका कोपऱ्यात दोन भिंतींवर चार टिनं टाकून, त्यांवर विटा ठेवून आडोसा केला होता. त्याखाली खातूनबींची खाट, चूल, दोन पेट्या. जुनी खोली पाडताना विजेचं मीटर काढून ठेवलं होतं. शेजाऱ्याच्या घरून एक वायर ओढली होती. तिच्यावर एक बल्ब आणि एक टेबल फॅन. खाटेच्या उशाला भिंतीत चौकोनी खिडकी होती, कूलरच्या मापाची. तिच्यात कूलर नव्हता.

आपट्यांनी युनूसला विचारलं की तू कूलर बनवतोस ना. त्याने उत्तर द्यायच्या आत आईच बोलली.

"छत नसलं तं कूलर कोणाले गार करन, साहेब? आभाळाले?"

आपटे हसले. त्यांनी फोटो काढले, तिथे चहा घेतला, आणि परतताना जीपमध्ये मला अडचण सांगितली. हरकत आजच्या स्थितीवर नव्हती. जबाबाच्या दिवशी तिथे घर होतं की नव्हतं, यावर होती. आज नाही म्हणजे तेव्हा नव्हतं असं सिद्ध होत नाही. पाडलेलं असू शकतं. जोत्याच्या जिओटॅगमध्ये जोत्याचा एक कोपराच आला होता, फोटोबाहेर काय होतं ते त्यावरून ठरत नव्हतं. आणि जुनी खोली पाडली होती हे आम्हीच लिहून दिलं होतं. माझे तीन आठवडे असे उलटे अंगावर आले.

मी विचारलं की मग कोणता कागद पाहिजे.

त्यांनी थोडा विचार केला. "हे वाक्य तुमच्या भागात अपूर्ण क्रियेसाठी वापरतात, असा सक्षम व्यक्तीचा अभिप्राय. लेटरहेडवर. जावक क्रमांकासह."

वसुली त्यांनी स्वतःच्या जोखमीवर स्थगित ठेवली. हे मुद्दाम नमूद करते, कारण एवढं करण्याचीही त्यांना गरज नव्हती.

शनिवारी घरी गेले. आमच्या राजापेठेत, दोन गल्ल्या सोडून, शिकवणी वर्गांच्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक प्राध्यापक राहतात. अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी विभागाचे प्रमुख. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता हातातला पेपर बाजूला ठेवला. मग आमच्याच बोलीत म्हणाले, "गावंडे मॅडम, यासाठी मले काहून विचारून राहिल्या? खाली चौकात उभ्या राहा. मिनिटाले दहा पुरावे भेटतीन."

"चौकातल्या माणसाकडे शिक्का नसतो, सर."

"हे मात्र खरं हाये," ते म्हणाले. पंचवीस वर्षं ही गोष्ट ते वर्गात शिकवत आले होते. तिचा दाखला त्यांना आजवर कोणी मागितला नव्हता.

त्यांनी दाखला दिला. पण परीक्षांचे दिवस होते, पेपर तपासणी होती, लेटरहेडवर पत्र द्यायचं तर प्राचार्यांची मान्यता लागत होती आणि प्राचार्य रजेवर होते. महिना गेला. पत्र एका पानाचं होतं. धातूला 'ऊन' प्रत्यय लागून पुढे राहणे हे क्रियापद आलं तर वऱ्हाडी बोलीत क्रिया चालू असल्याचा बोध होतो, क्रिया संपल्याचा होत नाही. खाली चार उदाहरणं होती. चौथं उदाहरण होतं, "आई स्वयंपाक करून राहिली."

ते पत्र मी स्कॅन करून अपलोड केलं. शेरे वगळण्याबाबतची बैठक महिन्यातून एकदा होते. एप्रिलची बैठक चार दिवसांपूर्वी झालेली होती. पुढची मेच्या शेवटच्या आठवड्यात.

मी हिशेब मांडला. तीन आठवडे माझे, एक महिना कॉलेजचा, बाकी बैठकीचे. माझे तीन आठवडे वजा केले असते तर सुनावणी फेब्रुवारीत झाली असती आणि एप्रिलच्या बैठकीत प्रकरण सुटलं असतं. ही वजाबाकी मी तेव्हापासून बऱ्याचदा केली आहे. उत्तर बदलत नाही.

एप्रिलच्या अखेरीस एकदा त्या घरावरून गेले. अकोल्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना टिनाखालची दुपार कशी असते हे सांगून कळणार नाही. बाहेर सावली तरी असते, टिनाखाली नुसती धग असते. खातूनबी खाटेवर ओलं धडपं कपाळावर घेऊन पडल्या होत्या. मी सांगितलं, अम्मा, काही दिवस लेकीकडे जा. त्यांची लेक शबाना बाळापूरला दिली आहे. त्या म्हणाल्या की जाऊन आले, आठ दिवस राहिले, पण तिच्याकडे दोन खोल्यांत नऊ माणसं. आणि दुसरं कारण खालच्या आवाजात सांगितलं.

"म्या इथं नसली, अन् तुमचा माणूस फोटो काढाले आला तं? तो म्हणन, बुढी दुसरीकडं राह्यते."

मी म्हटलं, असं काही होत नाही. पण माझ्या सहीच्या जबाबामुळे त्यांच्यावर काय आलं होतं ते त्या पाहत होत्या. माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवावा असं मी तरी काय केलं होतं?

मी युनूसला पोलवरून तात्पुरतं वीज कनेक्शन घ्यायला सांगितलं. त्याने चौकशी केलेली होती. अनामत भरायला पैसे नव्हते. बँकेने शेरा बघून कर्जाचा उरलेला अर्धा भाग थांबवला होता. दिलेल्या अर्ध्याचं व्याज मात्र दर महिन्याला जात होतं. उन्हाळा म्हणजे त्याच्या कामाचे दिवस. रोज सहा-सात कूलर तो जोडत होता. अनामतीचे पैसे मी माझ्याकडून द्यावेत असं माझ्या मनात आलं. लाभार्थ्याशी पैशाचा वैयक्तिक व्यवहार करायचा नाही, हाही माझा एक नियम. मी दिले नाहीत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास युनूसचा फोन आला. नुसतं म्हणाला, "मॅडम, अम्मा गेली."  मग म्हणाला, "हप्त्याचं आता कसं होईन?"

दोन्ही गोष्टी तो एकापाठोपाठ बोलला याचं मला काही वाटलं नाही. त्याला हप्त्याचं विचारणं भाग होतं आणि विचारायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण हृदयक्रिया बंद असं आहे. उन्हाचा उल्लेख नाही. टिनांचा तर नाहीच. दाखल्यात तसा रकाना नसतो.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी बैठक झाली आणि शेरा निघाला. प्राध्यापकांच्या पत्राचा क्रमांक त्यात नमूद होता. सिस्टिमने आपोआप मेसेज पाठवला, तो युनूसच्या मोबाइलवर गेला, कारण आईचा नंबर म्हणून तोच दिलेला होता. मेसेज असा होता, "प्रिय खातूनबी, आपला तिसरा हप्ता मंजूर झाला आहे. बांधकाम त्वरित सुरू करावे." तो दाखवायला युनूस ऑफिसात आला. मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि उभा राहिला. मी वाचला. वानखडेंनी वाचला. या वेळी ते हसले नाहीत.

मंजूर झालेला हप्ता देता येत नव्हता. खातं मृत व्यक्तीच्या नावे. वारस लावायचे तर प्रतिज्ञापत्र, वारस दाखला, नवीन खातं, आणि सिस्टिममध्ये लाभार्थी बदलायला परत वरची मान्यता. वारस दोघे, युनूस आणि शबाना. शबाना बाळापूरहून हक्कसोड पत्रावर सही करायला आली. बुरख्यातली, चाळिशीची, आईसारखीच तोंडावर बोलणारी बाई. मी तिला अर्थ समजावून सांगितला, की सही केली की या घरावर तुमचा काही हक्क राहणार नाही. सक्ती नाही, विचार करून करा.

"मले काई नको," ती म्हणाली. "फक्त याले सांगा, अम्माच्या खोलीतली कूलरची खिडकी बुजवू नको म्हणा."

युनूस खिडकीबाहेर बघत होता. "कोण बुजवून राहिलं?" तो म्हणाला.

पावसाळा टिनाखालीच गेला. लाभार्थी बदलाची मान्यता नोव्हेंबरात आली, पैसे डिसेंबरात. स्लॅब पडला. बँकेने उरलेले चाळीस हजार दिले. दार, संडास, गिलावा होत मार्च उजाडला आणि घर पूर्ण झाल्याच्या जिओटॅगला मी आणि वानखडे गेलो. सुनावणीला वर्ष झालं होतं.

घर चांगलं झालं होतं. दोन खोल्या आणि ओटा. युनूसच्या बायकोने पाणी आणून दिलं. आतल्या खोलीत खाट नव्हती. कूलरची खिडकी होती. तिच्यातून बाहेरच्या रस्त्याचा एक चौकोन दिसत होता. कूलर बसवलेला नव्हता. मार्च महिना, कारखान्यात त्याच्या हाताखालून रोज कूलर जात असणार. मी विचारलं नाही.

वानखडेंनी शेवटच्या जबाबाचा फॉर्म काढला. प्रश्न तेच. जागा कोणाची, काम कोणी केलं. मग तो प्रश्न आला.

"सध्या कुठे राहता?"

युनूसने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. वानखडे पेन धरून थांबले. मीही थांबले. माझा नियम मला माहीत होता आणि त्यालाही तो आता माहीत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमीच लिहा. म्या सांगतलेलं लिहू नका."

मी फॉर्म घेतला. "लाभार्थीचे वारस सदर घरात सध्या राहतात," असं लिहिलं. त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवून सही केली.

तेव्हापासून आमच्या कक्षात जबाब दोन ओळींत लिहितात. वर माणसाचे शब्द. खाली प्रमाण मराठीत अर्थ, तारखेसह, लिहिणाऱ्याच्या सहीने. फॉर्ममध्ये तेवढी जागा नाही, म्हणून वानखडे समासात लिहितात. आणि शेरा आला की पत्र लिहायच्या आधी मी फोन करते आणि समोरच्याला म्हणते, ते वाक्य जरा मोठ्याने वाचून दाखवा.

शेवटचा हप्ता त्याच महिन्यात निघाला. हिशेब असा. शेख युनूस यांना, वारस म्हणून, स्लॅबचे एक लाख आणि शेवटचे पन्नास हजार, मिळून दीड लाख. खातूनबींना, त्यांच्या हयातीत, त्यांच्या स्वतःच्या खात्यात, एक लाख. आम्ही परत मागितले होते तेच.